मालकी, भोगवटा आणि निगा

मराठीत श्रीमंतीचे वर्णन करताना ‘दारी हत्ती झुलतात’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. या वाक्प्रयोगात हत्ती आहे, दार आहे, झुलणेही आहे. माहूत मात्र नाही, चारा नाही, आणि उन्हाळ्यात हत्तीला पाण्यावर नेणारा माणूसही नाही. वैभवाची आपली भाषा बहुधा अशी दर्शनी भागापाशीच थांबते. वस्तू दारात आली की वाक्य संपते. ती टिकून राहावी म्हणून पुढे वर्षानुवर्षे जे करावे लागते त्यासाठी निगा, राखण, डागडुजी, जोपासना, सांभाळ असे कितीतरी शब्द आपल्यापाशी आहेत. परंतु त्यांना प्रतिष्ठा नाही. प्रस्तुत लेखात जुन्या आलिशान मोटारीच्या निमित्ताने आम्हांला याच उणिवेकडे लक्ष वेधायचे आहे. विषय साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटेल. पण मालकी म्हणजे काय, हा प्रश्न भाषेचा आणि संस्कृतीचाही आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील बोदलकसा हे गाव तेथील जलाशयामुळे ओळखले जाते. १९१७ साली बांधलेले मातीचे धरण, भोवती टेकड्या, पलीकडे नागझिऱ्याचे अरण्य. थंडीच्या दिवसांत सुटी आली की नागपूर, भंडारा, गोंदियाहून माणसे येथे येतात. धरणाजवळ उभ्या राहणाऱ्या वाहनांत अलीकडे जर्मन बनावटीच्या मोठ्या मोटारीही दिसू लागल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच नव्या नसतात, हे ओळखायला बॉनेट उघडावे लागत नाही. गोंदियाची पाटी ‘एमएच ३५’ची, या मोटारींवर ‘एमएच ०१’, ‘एमएच १२’, ‘एमएच १४’ असे मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडचे क्रमांक असतात. राज्यातल्या राज्यात वाहन विकले की कागदावरचे नाव बदलते, क्रमांक तोच राहतो. महानगराने उपभोगून झालेली वस्तू पाटीवर आपले माहेर मिरवत जिल्ह्याच्या ठिकाणी येते.

या दृश्याची थट्टा करणे सोपे आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेनने १८९९ सालच्या ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ या ग्रंथात दिखाऊ उपभोगाची मीमांसा केली, तेव्हापासून महागड्या वस्तूकडे संशयाने पाहण्याचे एक तयार साधन आपल्या हाती आले. जुनी आलिशान मोटार घेणारा तर या दृष्टीने दुहेरी दोषी ठरतो. दिखावा करतो, तोही सवलतीत! सुशिक्षित वर्तुळांत ही कुजबुज आम्ही वारंवार ऐकतो. याचे कारण असे की आम्ही दोघे याच परिसरातील महाविद्यालयांत मराठी शिकवतो आणि चौदा वर्षांची अशी एक मोटार दोन कुटुंबांत मिळून राखतो. ती कागदोपत्री एकाच्या नावावर आहे. खर्चाची वही मात्र दोघांची आहे. ही वही हाच आमच्या विवेचनाचा मुख्य आधार.

या व्यवहाराचे मूळ गणित समजून घेणे आवश्यक आहे. नवी असताना चाळीस लाखांच्या घरात असलेली मोटार दहा-बारा वर्षांनी नव्या छोट्या मोटारीच्या किमतीत मिळते. विम्याच्या कोष्टकात पहिल्या सहा महिन्यांतच पाच टक्के घसारा धरलेला असतो, आणि पाचव्या वर्षी तो पन्नास टक्क्यांवर जातो. त्यापुढची किंमत विमा कंपनी व मालक यांनी आपसांत ठरवायची. परंतु घसारा लागतो तो मोटारीला. तिच्या सुट्या भागांना नाही. घेणाऱ्याने पैसे मोजले छोट्या मोटारीचे, पण बिघाड झाला की भाग येतो तो चाळीस लाखांच्या मोटारीचा आणि त्याच मानाच्या किमतीचा. शिवाय दुरुस्तीच्या दाव्यात रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून विमा कंपनी निम्मी रक्कम वजा करते. जुन्या आलिशान मोटारीत सर्वांत आधी जीर्ण होते ते नेमके रबर आणि प्लॅस्टिकच.

उदाहरणार्थ, अशा अनेक मोटारींत धातूच्या स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे असतात. प्रवास त्यांच्यामुळेच अलगद होतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात या रबराला बारीक भेगा पडतात. हवा थोडी थोडी निसटते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वाजवीपेक्षा अधिक वेळ चालतो आणि अखेरीस जळतो. भेग वेळीच पाहिली तर एका फुग्यावर भागते. दुर्लक्ष केले तर फुगा आणि कॉम्प्रेसर दोन्ही जातात. इंजिनातील पाणी वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या उष्णतेने ठिसूळ होतात. स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर पुरते असे सांगितले जाते, पण ते ‘आयुष्य’ बहुधा पहिल्या मालकाचे असते. मोटार नुसती उभी ठेवावी, तर आतील संगणकीय यंत्रणा हळूहळू बॅटरी शोषतात. आणि धानाचा हा मुलूख. कापणीनंतर घराच्या आश्रयाला येणारे उंदीर वायरी कुरतडतात. दर आठवड्याला बॉनेट उघडून विजेरीने पाहणे हा आमच्या दोन्ही घरांचा नेम झाला आहे. अधिकृत सेवाकेंद्र आमच्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, नागपुरात. त्यामुळे मोटारीचे आरोग्य या नेमावर आणि गावातल्या मिस्त्रीवर अवलंबून आहे.

आमचा मिस्त्री मोटार ‘ठेवणे’ असे म्हणत नाही, ‘पोसणे’ म्हणतो. या एका क्रियापदात हत्तीच्या वाक्प्रयोगात राहून गेलेला चारा परत येतो. जीप आणि ट्रॅक्टर यांवर हात बसलेला हा माणूस. त्याने स्वतःच्या पैशाने स्कॅनर घेतला आणि बिघाडाचे संकेत वाचायला शिकला. पण संकेत वाचून भागत नाही. कित्येक भाग बदलल्यावर मोटारीच्या संगणकाने त्यांना ओळखावे लागते, आणि ती ओळख करून देणारी प्रणाली उत्पादकाच्या कुलपात असते. हात जाणता असूनही तो बाहेर राहतो.

येथे रॉबर्ट पिर्सिगच्या १९७४ सालच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ या पुस्तकातील एक प्रसंग आठवतो. निवेदकाच्या मित्राच्या बीएमडब्ल्यू मोटारसायकलचे हँडल सैल झालेले असते. बिअरच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून आत बसवली तर ते घट्ट होईल, असे निवेदक सुचवतो. पट्टी त्या कामाला अगदी योग्य असते. पण महागड्या जर्मन वाहनात डब्याचा पत्रा, या कल्पनेनेच मित्र दुखावतो. या मित्राला वाहन हवे आहे, त्याचे यंत्रपण नको आहे. आपल्याकडे दिखाऊपणावर टीका करणारेही पुष्कळदा याच मित्राच्या पंक्तीला बसतात. मोटार चकचकीत आहे म्हणून एकाला ती वंद्य, दुसऱ्याला निंद्य. आत काय चालते याकडे दोघेही पाहत नाहीत.

खरेदीवरच खिळलेल्या या दृष्टीचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे. ऑक्टोबर २०१० मध्ये तेथील व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा, म्हणजे सरासरी एका मोटारीला त्रेचाळीस लाखांचा होता. स्टेट बँकेने सात टक्के दराने चाळीस कोटींहून अधिक कर्ज दिले. मराठवाड्याच्या मागासलेपणाला दिलेले उत्तर म्हणून या खरेदीचा गौरव झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये लिहून दाखवून दिले की शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून कितीतरी अधिक दराने व्याज भरावे लागते. तो आक्षेप रास्त होता आणि आजही आहे. आम्ही त्याला एक पुरवणी जोडू इच्छितो. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१० च्या त्या मोटारींची मुदत २०२५ मध्ये भरली. खरेदीची बातमी देशभर गाजली. मुदत भरली त्याची बातमी होणार नव्हतीच. घेण्यासाठी स्वस्त कर्ज आहे, पोसण्यासाठी नाही. आपल्या अर्थव्यवस्थेत मालकीचा पहिला दिवस तेवढा साजरा होतो.

मोटारीवरून तलावाकडे वळणे अनेकांना अनपेक्षित वाटेल. परंतु बोदलकसाच्या परिसरात राहणाऱ्याला मालकी आणि निगा यांचा संबंध तलावाच्या पाळीवर शिकायला मिळतो. पूर्व विदर्भात साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना लाडाने ‘मामा तलाव’ म्हणतात. जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन द्यायची, असे चांद्याच्या गोंड राजांचे धोरण होते असे परंपरा सांगते, आणि तलाव बांधण्यात कोहळी समाजाचे कसब वाखाणले जाते. मालकी हे येथे बांधण्याचे आणि राखण्याचे फळ होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात होता. मालगुजारी जाणे न्याय्यच होते, कारण त्या व्यवस्थेत राबणारा एक आणि भोगणारा दुसरा हेही होते. पण तलाव शासनाच्या नावावर चढले आणि पाळ दुरुस्त करण्याची, गाळ काढण्याची, पाट मोकळे ठेवण्याची रीत मोडत गेली. कितीतरी तलाव गाळाने भरले. कागदावर मालक होता. पोसणारा उरला नाही.

आपल्या सातबारात ‘भोगवटादार’ असा शब्द आहे. भोगणे म्हणजे उपभोग घेणे, तसेच सोसणेही. भोग वाट्याला येतात, असे आपण म्हणतोच. जुन्या आलिशान मोटारीचा दुसरा किंवा तिसरा मालक या दोन्ही अर्थांनी भोगवटादार असतो. पहिल्या मालकाने हमीच्या मुदतीत तिचा मऊपणा उपभोगला. सोसणे पुढच्याच्या वाट्याला आले. मोटारीचा खरा परिचयही यालाच होतो. कोणता आवाज नेहमीचा आणि कोणता नवा, हे त्याला कळते.

जुने ते सारे राखावेच, असा याचा अर्थ नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये भारत स्टेज सहा मानके लागू झाली. त्यापूर्वीची डिझेल मोटार अधिक धूर सोडते, आणि अरण्याच्या सीमेवर राहणाऱ्यांनी हे विसरता कामा नये. मीटर मागे फिरवून विकलेली, अपघात झाकलेली मोटार रस्त्यावर धोका असते. म्हणून तपासणी कडक असावी, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा आक्षेप वयाला दंड करण्याला आहे. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आयात मोटारींसाठी ४०,००० रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी हेच आकडे अनुक्रमे १०,००० आणि ८०,००० रुपयांवर गेले. शुल्क ठरते जन्मतारखेवरून. निगा राखलेली आणि हेळसांड झालेली मोटार एकाच रांगेत उभी राहते. धूर, ब्रेक आणि सांगाडा यांच्या तपासणीवर शुल्क बेतले तर राखणाऱ्याला उत्तेजन मिळेल आणि हेळसांड करणाऱ्याला आळा बसेल.

दुसरी गोष्ट मिस्त्रीची. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने हाती घेतली. या हक्काला कायद्याचे बळ मिळाले पाहिजे. दुरुस्तीच्या पुस्तिका आणि संगणकीय प्रणाली रास्त शुल्क घेऊन तालुक्याच्या मिस्त्रीलाही मिळाल्या पाहिजेत. त्या पुस्तिका मराठीत याव्यात, ही मागणी तर आपल्या क्षेत्रातील मंडळींनीच करायला हवी. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे आपण परिसंवादांतून सांगतो. गिअरबॉक्सचे तेल केव्हा व कसे बदलावे हे ज्ञानच आहे, आणि ज्याला ते हवे आहे तो माणूस मराठी वाचतो.

आपल्या व्यवसायातही हाच रोग आहे. साहित्याच्या इतिहासात पहिल्या आवृत्तीचे वर्ष पाठ असते. दुर्मीळ पुस्तकाचे पुनर्मुद्रण करणारा, पाठ तपासणारा, ग्रंथालयातील सुटलेली पाने बांधणारा बायंडर यांची दखल घेतली जात नाही. पुस्तक-खरेदीला अनुदान मिळते, बांधणीला मिळवताना घाम फुटतो. आमच्या मोटारीच्या नोंदणीची मुदत पुढील वर्षी भरते. तेव्हा ती तपासणीला न्यावी लागेल. उत्तीर्ण झाली तर आणखी पाच वर्षे चालवू, नाही झाली तर भंगारात देऊ. खर्चाची वही मात्र आम्ही जपून ठेवणार आहोत. एखादी वस्तू राखायला काय लागते याचा चौदा महिने-वर्षांचा नव्हे, तर ती आमच्या दारी आल्यापासूनच्या प्रत्येक आठवड्याचा हिशेब तिच्यात आहे, आणि निगेविषयीच्या मराठी लेखनात असे हिशेब फारसे सापडत नाहीत.