किल्ली कोणाच्या हाती?

देऊळगाव राजा तालुक्याची शीव ओलांडली की जालना जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातील अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचे प्रकरण २०२५ मध्ये उघडकीस आले. तहसीलदारांच्या नावे असलेल्या लॉगिनचा वापर कनिष्ठांनी करून बोगस लाभार्थ्यांच्या याद्या मंजूर केल्या, असे चौकशीत पुढे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस अमरावती विभागातील यवतमाळ जिल्ह्यात शेंदुरसनी या जेमतेम दीड हजार वस्तीच्या गावाच्या खात्यावर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी आढळल्या. एवढी बालके त्या गावात कोठून जन्मावी?

सायबर हल्ला म्हटला की परदेशातील कोणी अदृश्य चोर डोळ्यांपुढे उभा राहतो. तो खोटा आहे असे नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे संगणक खंडणीखोरांनी निकामी केले आणि देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेन्सिलीवर कारभार करावा लागला. परंतु बुलढाण्यासारख्या जिल्ह्याला अधिक निकटचा धोका आहे तो चव्हाट्यावर पडलेल्या किल्लीचा.

जिल्हा परिषदेच्या एखाद्या द्विशिक्षकी शाळेचे उदाहरण घ्यावे. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली, मागोमाग यू-डायस प्लस आणि ‘अपार’ क्रमांक आले. मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, सारे संगणकावर चढवावयाचे. विद्यार्थ्यांच्या आधार पडताळणीवर शिक्षकांची संचमान्यता अवलंबून. शाळेत लिपिक नाही, संगणक असलाच तर त्याला विजेचा भरवसा नाही. अशा वेळी मुख्याध्यापक तालुक्याच्या गावी एखाद्या केंद्रचालकाकडे जातो, परवलीचा शब्द चिठ्ठीवर लिहून देतो आणि ओटीपी दूरध्वनीवरून सांगतो. यात त्याची बेपर्वाई शोधणे सोपे आहे. काम देताना हात न देणाऱ्या खात्याची बेपर्वाई मात्र कोणत्याच चौकशी अहवालात येत नाही.

विशेष असे की, कागदी कारभाराला ही गोष्ट ठाऊक होती. कोषागाराच्या खोलीला दुहेरी कुलूप असे आणि दोन किल्ल्या दोघांच्या स्वाधीन असत. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारीख बदलावयाची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. बदली झालेला मुख्याध्यापक खुर्च्या-फळ्यांचा हिशेब देऊन पावती घेतो. ही सावधगिरी संगणकाच्या उंबरठ्याशी येऊन थबकली. बदलीनंतरही जुन्याच भ्रमणध्वनीवर ओटीपी जात राहिला तर त्याची विचारपूस कोणी करावी, हे कार्यभाराच्या कागदात नसते.

वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अठरा वर्षांखालील प्रत्येकास तो बालक मानतो आणि सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगतो. पण जिल्हा परिषदेला दंड झाला तर तो भरावयाचा कोणाच्या पैशातून? ज्याच्या मुलाची माहिती गेली, त्याच करदात्याच्या!

तेव्हा ‘परवलीचा शब्द बदला’ अशी परिपत्रके आणि एका दिवसाच्या कार्यशाळा यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या स्वतःच्या नावाचे लॉगिन, पैशाच्या व जन्मनोंदीच्या कामात दुसऱ्या अधिकाऱ्याची स्वतंत्र मंजुरी, आणि केंद्रशाळेत या कामासाठी एक वेतनी माणूस, एवढे तरी हवे. एकाच गावाच्या नावावर नोंदी अचानक शेकडोंनी वाढल्या तर यंत्रणेने आपोआप अडवावे, यालाही फार मोठी विद्या लागत नाही. खर्च येईल. तेराही तालुक्यांच्या केंद्रशाळांचा तो हिशेब जिल्हा परिषदेने येत्या अर्थसंकल्पापूर्वी मांडावा आणि शिक्षण खात्याकडून त्याचे उत्तर मागावे.