रहीमसाहेबांचं नाव कोण घेणार?

जळगावात आमच्या शाळेत खेळाच्या तासाला मुलांच्या पाठीवर मेस्सी, रोनाल्डो. परवा मी विचारलं, “सय्यद अब्दुल रहीम कोण?” सगळे गप्प.

१९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईत खेळणाऱ्या नेविल डिसूझानं ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. भारत फुटबॉलमध्ये चौथा आला. प्रशिक्षक होते हैदराबादचे रहीमसाहेब, पेशानं शिक्षक. १९६२ला जकार्तात त्यांच्याच संघानं आशियाई सुवर्ण जिंकलं.

त्याच वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला चेक योसेफ मासोपुस्तही पेलेइतका गाजला नाही. पण प्रागमध्ये त्याचा पुतळा आहे.

धुळ्याला बीएड करताना रहीमसाहेब मलाही ठाऊक नव्हते. मुलांपुढे आदर्श नाहीत, अशी तक्रार आपण करतो. आदर्श होते, नाव आपणच घेतलं नाही.