निवारा : दान की हक्क?

महाशिवरात्रीस औंढा नागनाथ येथे मोठी यात्रा भरते. अशा प्रत्येक यात्रेत देवळाच्या वाटेवर निराधार वृद्ध, अपंग व टाकलेल्या स्त्रिया फडके पसरून बसलेल्या दिसतात. यात्रेकरू एक नाणे टाकतो, पुण्य पदरी पडले असे मानतो आणि घरी परततो. परंतु ज्याच्यापुढे ते नाणे पडले, तो कोठे परततो? कीर्तनासाठी देवळामागे जावे लागलेल्या नामदेवांकडे देऊळच फिरले, अशी कथा या गावी सांगतात. कथा कथेच्या जागी राहो. रस्त्यावर निजणाऱ्याकडे मात्र आजवर ना देऊळ फिरले, ना समाज.

वाचकहो, हे दैन्य केवळ गरीब देशांच्याच वाट्यास आले आहे असे समजू नका. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात जानेवारी २०२४ मधील एका रात्रीच्या मोजणीत ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. भारतात २०११ च्या जनगणनेत बेघरांची संख्या सुमारे १७ लाख ७० हजार भरली. त्यांपैकी दोन लाखांहून अधिक आपल्या महाराष्ट्रातील होते.

मात्र हे आकडे शेजारी शेजारी मांडताना सावध राहिले पाहिजे, कारण प्रत्येक देशाचे माप निराळे आहे. निवारागृहात झोपणाऱ्यासही अमेरिका बेघर मानते. जपान केवळ रस्ते, बागा व नदीकाठी राहणाऱ्यांस मोजतो. तेथील आकडा २००३ साली २५,२९६ होता, तो २०२४ साली २,८२० वर आला. इंग्लंडच्या कायद्याने, जी जागा माणसास राहण्याजोगी नाही ती असूनही तो बेघरच ठरतो. आपल्याकडे मात्र डोक्यावर पाचट असले तरी ते घर धरले जाते. ऊसतोडीस गेलेले मराठवाड्यातील कुटुंब सहा-सहा महिने कोपीत काढते. त्यास इंग्लंडचे माप लावले, तर त्यास घर आहे असे कोण म्हणेल?

मोजण्याच्या रीती भिन्न असल्या, तरी दंडाचा सोटा सर्वत्र सारखाच उगारलेला दिसतो. इंग्लंडने १८२४ साली भटकणे व भीक मागणे हा गुन्हा ठरविला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये निर्णय दिला, की निवाऱ्याची सोय नसली तरीही उघड्यावर झोपणाऱ्यास नगरपालिका शिक्षा करू शकते. आपल्या राज्यात १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यान्वये पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत माणसास भिक्षेकरी गृहात डांबता येते. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्याची अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरविली. महाराष्ट्रात तो उभाच आहे. मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे मान्य केले. परंतु झोपड्या हटविण्याचा पालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हक्क मान्य झाला, छप्पर मिळाले नाही!

याहून निराळा मार्ग फिनलंडने धरला. तेथे २००८ पासून सरकारने क्रमच उलटा केला: आधी भाडेकराराचे पक्के घर, मग व्यसन, कर्ज व बेकारी यांवर उपाय. १९८० नंतरच्या दशकात तेथे १६ हजारांहून अधिक बेघर होते. २०२३ साली ते साडेतीन हजारांच्या आत आले. ही भूतदया नव्हे, हा राज्यकारभार होय.

आपणांस ही शिकवण नवी नाही. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात राजास सांगितले आहे, की वध व बंधन यांनी चोऱ्या थांबणार नाहीत. शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल व सेवकास वेतन द्यावे. दारिद्र्याचे औषध दंड नव्हे, साधन होय. १९२७ साली महाड येथे बाबासाहेबांनी आपल्या वाडवडिलांस उष्टे तुकडे सोडावयास सांगितले, ते याच स्वाभिमानासाठी. ज्यांनी मागणे सोडले, त्यांनी मागणाऱ्यास तुच्छ लेखू नये. त्यास हक्काची वाट दाखवावी.

ती वाट आपल्या गावापासूनच सुरू होते. रमाई आवास योजना अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. परंतु घराखालची जागा नावावर नसेल, तर अर्ज अडतो. जमिनीवाचून घर नाही, हे ओळखूनच दादासाहेब गायकवाडांनी १९५९ व १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. म्हणून आपल्या वस्तीतील कोणाच्या नावावर जागा नाही याची यादी करा, ती ग्रामसभेत मांडा आणि लेखी उत्तर घ्या.

दुसरे काम जनगणनेचे. पुढील गणना १ मार्च २०२७ हा क्षण धरून व्हावयाची आहे. २०११ साली बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत उरकली. हा गळिताचा हंगाम. आपली माणसे तेव्हा गावात नसतात. देवळाच्या पायरीवर, बसस्थानकावर वा पालात कोण निजते, हे तुम्हांस ठाऊक आहे. गणना करणारास ते दाखवा. जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी कोणतेही सरकार घर बांधीत नाही.

नाणे टाकून पुढे जाणे सोपे आहे. बंधु-भगिनींनो, आपण थांबावे, नाव विचारावे आणि ते नाव यादीत घालावे.