‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या जोखमीच्या गटांना पालिका दवाखान्यांतून पूरक मात्रा मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका
मा. आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका

‘ड’ जीवनसत्त्व त्वचेत तयार होते ते उन्हातील अतिनील-बी किरणांमुळे. हे किरण काचेतून येत नाहीत. बाळाला दाखवतात त्या कोवळ्या उन्हात तर ते नावापुरतेच असतात. पहाटेची लोकल पकडून अंधारात परतणारे नोकरदार आणि खेटून उभ्या इमारतींत अंथरुणाला खिळलेले वृद्ध यांना दुपारचे ऊन मिळत नाही. पावसाळ्यात ते कोणालाच पुरेसे नसते. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुलांत ही कमतरता आढळली.

श्वसनमार्गातील पेशी या जीवनसत्त्वाच्या मदतीने विषाणूरोधक प्रथिने बनवतात. २०१७ मध्ये २५ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात रोज किंवा दर आठवड्याला लहान मात्रा घेणाऱ्यांना श्वसनसंसर्गापासून काहीसे संरक्षण मिळाले, तीव्र कमतरता असलेल्यांना अधिक. एकदम दिलेल्या मोठ्या मात्रेचा तसा उपयोग झाला नाही. कोविडकाळातील ब्रिटनच्या मोठ्या चाचणीत मात्र लाभ दिसला नाही आणि २०२५ च्या फेरविश्लेषणातही तो ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे हे विषाणूवरचे औषध नव्हे. मागणी आहे ती कमतरता भरून काढण्याची. हाडांसाठी या जीवनसत्त्वाची गरज निर्विवाद आहे.

तरी बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रत्येक अर्भकाला वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब नागरी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळावेत. गरोदर महिलांना शासकीय कार्यक्रमातून मिळणाऱ्या कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा पुरवठा खंडित होऊ नये. घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांची नोंद आशा सेविकांमार्फत करून वैद्यकीय सल्ल्याने त्यांना रोजची लहान मात्रा द्यावी. शालेय पोषण आहारात ‘ड’ जीवनसत्त्व मिसळल्याचे दाखवणाऱ्या ‘+एफ’ चिन्हाचेच तेल वापरले जावे.

सरसकट रक्ततपासणीवर खर्च करू नये. तेवढ्या पैशात थेंबांच्या कितीतरी बाटल्या येतात. साठ हजार युनिटची पाकिटे मनाने घेण्याची सवय मात्र मोडावी लागेल, कारण अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. तसे फलक पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात लावावेत. वृद्ध व गरोदर महिलांच्या फ्लू लसीकरणाला यातील काहीही पर्याय ठरत नाही. त्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि वरील सर्व बाबींचा समावेश आगामी आरोग्य अंदाजपत्रकात व्हावा, ही विनंती.