कडी काढू नका, चेन मोजा

पावसाळा सरला की गावोगावच्या गॅरेजांत एक संवाद हमखास ऐकू येतो. कव्हरवर आपटून खडखडणारी चेन आणि गिअर टाकताच बसणारा झटका अशी तक्रार घेऊन जुन्या मोटरसायकलचा मालक येतो. मिस्त्री मागचे चाक हाताने फिरवतो, अॅडजस्टरकडे बघतो. तो शेवटच्या खुणेला टेकलेला असतो. “काका, चेन संपलीय. पूर्ण सेट टाकावा लागेल.” काका खिसा चाचपतात. “आत्ता एक कडी काढून दे. दिवाळीनंतर बघू.” थोड्या वेळात कडी निघते, आवाज थांबतो आणि गाडी घरी जाते.

हा सौदा तोट्याचा आहे. तो थांबायला हवा.

चेन ‘लांबली’ म्हणताना ती रबरासारखी ताणली गेली, असे चित्र मनात उभे राहते. प्रत्यक्षात ती झिजलेली असते. हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टरला जी बुश-रोलर चेन बनवली, तीच रचना आजही मोटरसायकलच्या मागच्या चाकाला फिरवते. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती बुश आणि बुशवर फिरणारा रोलर. धूळ, चिखल आणि पाणी आत शिरले, तेल सुकले, की पिन आणि बुश एकमेकांना खातात. दर सांध्याला पाव मिलिमीटर झीज झाली, तरी शंभर सांध्यांची बेरीज इंचभर होते.

गॅरेजातल्या कडीचा हिशोब इथेच उलगडतो. 1994 पासून रस्त्यावर असलेल्या स्प्लेंडरसह आपल्याकडच्या बहुतेक कम्यूटर मोटरसायकलींना 428 मापाची चेन असते. तिच्या दोन पिनांमधले अंतर अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. ‘एक कडी काढली’ असे म्हणताना खरे तर आतली एक आणि बाहेरची एक अशी जोडी निघते आणि चेन एक इंचाने तोकडी होते. शंभराच्या आसपास कड्या असलेली चेन इंचभर लांबली, म्हणजे ती सुमारे 2 टक्के झिजली. इतकी झीज झाली की चेन बदलावी, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. थोडक्यात, कडी काढण्याइतकी चेन सैल पडली, हाच ती संपल्याचा पुरावा. कडी काढून लांबी कमी होते, पण उरलेल्या प्रत्येक सांध्यातली झीज जागच्या जागी राहते.

ती झीज मग स्प्रॉकेटवर उतरते. पुढच्या स्प्रॉकेटला 14 दाते आणि मागच्याला 42 दाते धरले, तर मागचे एकदा फिरते तेव्हा पुढचे तीनदा फिरते. 18 इंची चाकाच्या गाडीत एका किलोमीटरला पुढच्या स्प्रॉकेटचे साधारण सोळाशे फेरे होतात. दहा हजार किलोमीटरला दीड कोटीहून जास्त! प्रत्येक फेऱ्यात त्याचा प्रत्येक दाता चेनला भिडतो. लांबलेल्या चेनचे रोलर दात्याच्या खोबणीत नीट बसत नाहीत, वर सरकतात. दाते एका बाजूने खरवडले जाऊन लाटेसारखे वाकडे दिसू लागतात. अशा दात्यांवर नवी चेन चढवली, तर ती नव्याचे नऊ दिवसही टिकत नाही. आणि झिजक्या चेनखाली नवे स्प्रॉकेट बसवले, तर तेही लवकर जाते. म्हणून गॅरेजात ‘चेन पॉकेट’ या नावाने मागितला जाणारा पूर्ण संच, म्हणजे चेन, पुढचे स्प्रॉकेट आणि मागचे स्प्रॉकेट, एकदमच बदलायला हवा.

पैशांचा प्रश्न खरा आहे. ज्यांच्याकडे पंधरा-वीस वर्षांची मोटरसायकल असते, त्यांचे पोट बहुधा तिच्यावरच चालते. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे निघणाऱ्याला, घरोघर सिलिंडर पोचवणाऱ्याला महिनाअखेरीस अचानक आलेला खर्च जड जातो. मिस्त्रीही त्याची अडचण ओळखून कडी काढून देतो; त्यामागे बहुतेक वेळा आपुलकीच असते. पण या मदतीची किंमत शेवटी त्याच गिऱ्हाइकाला चुकवावी लागते. धावत्या गाडीची चेन तुटली, तर ती पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा होऊन इंजिनचे केसिंग फोडू शकते किंवा मागचे चाक जाम करू शकते. भरल्या कॅनसह घाटातल्या वळणावर हे घडले, तर प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही.

त्यावर उपाय म्हणजे खर्च आधी कळणे, आणि त्याला कंपासपेटीतली फूटपट्टी पुरते. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेन कव्हर उघडायचे, चेन ताणून धरायची. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवून तिथून विसाव्या कडीच्या टोकाची, म्हणजे एकविसावी पिन पाहायची. नव्या 428 चेनमध्ये ती 254 मिलिमीटरवर येते. ती 256 च्या पुढे सरकली, की सेटसाठी पैसे बाजूला ठेवायला लागावे. 259 वर पोचली, की थांबू नये. बुलेटच्या चेनमधले अंतर 5/8 इंच असते, त्यामुळे तिचे आकडे वेगळे. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असेल, तर तीच पाळावी.

सेट टाकतानाही घाई नको. मागच्या हबमधले रबर दबलेले असतील, तर नव्या चेनलाही झटके बसत राहतात. चाक उतरलेलेच असते, तेव्हाच ते बदलून घ्यावेत. पुढच्या स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपते का, हे पाहावे. ड्रम ब्रेकचा रॉड पुन्हा कसून त्याची स्प्लिट पिन घालायला विसरू नये. चेन लॉकची क्लिप माशासारखी असते: बंद टोक, म्हणजे माशाचे डोके, चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवे. चेनला मॅन्युअलप्रमाणे ढील ठेवावी. बऱ्याच कम्यूटर गाड्यांना ती 20 ते 30 मिलिमीटर असते. फार आवळलेली चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण आणते. आणि इंजिनमधून काढलेले जळके तेल चेनला लावायची सवय सोडावी. त्यातला धातूचा बारीक कीस त्याच पिनांत जातो.

पीयूसी केंद्रावर धूर मोजतात, चेन कोणी मोजत नाही. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरणासाठी गाडी तपासली जाते. त्या तपासणीत चेनच्या मापाची एक ओळ जोडली, तर मिनिटभराचेच काम वाढेल. पण सरकारी कागदाची वाट पाहण्याची गरज नाही. प्रत्येक सर्व्हिसिंगला मिस्त्रीने चेन मोजावी, आकडा बिलावर लिहावा आणि गिऱ्हाइकाने तो मागून घ्यावा. दोन बिलांवरचे आकडे शेजारी ठेवले, की सेटचा खर्च साधारण कोणत्या महिन्यात येणार, हे दूधवाल्यालाही आधी कळेल.

ज्याला आकडा पटत नाही, त्याला मिस्त्रीने डोळ्यांनी दाखवावे. उतरवलेली चेन आणि खोक्यातून काढलेली तितक्याच कड्यांची नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी लटकवावी. वरची टोके एकत्र असतात, आणि खाली जुनी चेन नवीच्या अर्धा-पाऊण इंच, कधी पुरता एक इंच खाली लोंबत असते.