भांडी घासतानाही सम्यक स्मृती

सांगवीच्या वस्तीत रक्तदाब तपासायला बसलो की आम्ही हमखास विचारतो, "ताई, सकाळची गोळी घेतली का?" पुष्कळदा उत्तर येते, "घेतली असेल." या 'असेल'चीच आम्हाला काळजी वाटते. चार घरची धुणीभांडी, मुलांचे डबे, नळाचे पाणी. हात एका कामात आणि मन पुढच्या कामात. मग गोळी एकतर राहते, नाहीतर दोनदा घेतली जाते.

तथागतांनी अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सांगितली. ती फक्त डोळे मिटून बसण्यापुरती नाही. सतिपट्ठान सुत्तात चालताना, जेवताना, बोलतानाही जागरूक राहायला सांगितले आहे. आपल्या घरात याचा अर्थ सोपा आहे. हंडा उचलताना कमरेकडे लक्ष, भाजीत मीठ टाकताना हाताकडे, गोळी घेताना गोळीकडे. गोळी घेतली की कॅलेंडरवर लगेच खूण करा. घेतली की नाही हे आठवत नसेल तर अंदाजाने दुसरी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. मन पळाले तर स्वतःवर चिडू नका, परत कामावर आणा. नर्सिंग करताना आम्हीही असेच शिकलो. हजारावे इंजेक्शन असले तरी रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा पुन्हा वाचायचीच.

पण एक गोष्ट ठामपणे सांगतो. कारखान्यात प्रेस मशीनखाली बोट गेले की "तुझे लक्ष नव्हते" असे कामगारालाच ऐकवतात. बारा तास उभ्या असलेल्या माणसाचे लक्ष राहील कसे? धोक्याच्या मशीनला गार्ड हवाच, असे 1948 च्या कारखाना कायद्यानेच सांगितले होते. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1946 मध्ये कामाचे तास आठवड्याला 54 वरून 48 वर आले. थकलेल्या शरीरात स्मृती टिकत नाही. झोप आणि विश्रांती हा आपला हक्क आहे.

म्हणून स्मृती म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. चक्कर, छातीतली कळ, हाताची मुंगी वेळीच ओळखून दवाखाना गाठणे म्हणजे स्मृती. मशीनचा गार्ड काढलेला दिसला तर चौघांनी मिळून बोलणे हीसुद्धा स्मृतीच.

येत्या पौर्णिमेपर्यंत रोजचे एकच काम निवडा आणि ते पूर्ण लक्ष देऊन करा. पुढच्या पौर्णिमेला त्यात दुसरे जोडा. सवय अशीच थोडीथोडी लागते. विहारात भेटलात की काय बदलले ते आम्हाला जरूर सांगा.

जयभीम!