लकव्याचा हात, व्हिडिओ गेम आणि बदाम सात

लकवा मारलेल्या हाताला व्हिडिओ गेमने फायदा होतो म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक, ‘म्हाताऱ्या माणसाला या वयात काय खेळायला लावता!’ आणि दुसरी, ‘केवढ्याला येतं ते मशीन?’ माझं भांडण दुसरीशी जास्त आहे.

लकव्यात हात आपल्या जागी ठीक असतो, बिघाड असतो तो त्याला हुकूम देणाऱ्या मेंदूत. मेंदूचे उरलेले भाग ते काम काही प्रमाणात शिकू शकतात, पण त्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते. २००९ साली अमेरिका-कॅनडातली थेरपीची सत्रं बघून मोजदाद झाली. हाताने कामाच्या हालचाली करायचा सराव निघाला एका सत्रात सरासरी ३२ वेळा! तिथं ही गत, तर आठवड्यातून एकदा एसटीने तालुक्याला जाणाऱ्या आपल्या माणसाचं काय होत असेल? घरी करायला दिलेला व्यायाम चार दिवस चालतो, पाचव्या दिवशी कंटाळा. मग कुणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगतं.

गेमचा उपयोग इथंच आहे. स्कोअर दिसतो, नातू शेजारी बसून हरवतो, आणि माणूस न मोजता दोनशे वेळा हात हलवतो.

पण आता गंमत ऐका. २०१६ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त एक मोठी चाचणी छापून आली. कॅनडा, अर्जेंटिना, पेरू आणि थायलंडमधले १४१ पेशंट. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच चालू होते. त्यावर निम्म्यांना निन्टेन्डो वी हा गेम दिला आणि बाकीच्यांना पत्ते, बिंगो, चेंडू असले साधे खेळ. दोन आठवड्यांत दहा सत्रं, प्रत्येकी तासाभराची. दोन्ही गटांचे हात सुधारले आणि फरक काहीच निघाला नाही. म्हणजे पत्त्यांच्या कॅटने गेमची बरोबरी केली. त्यामुळे कुणी हजारो रुपयांचं ‘गेमिंग थेरपी’चं पॅकेज गळ्यात मारत असेल तर आधी विचारा, यात हात किती वेळा हलणार? स्क्रीन किती इंची आहे ते नंतर बघू.

आणि एक. गेमला फसवता येतं. नुसत्या मनगटाच्या झटक्याने किंवा अख्खं अंग झोकूनही पॉइंट मिळतो, हात शिकत नाही तो नाहीच. लुळ्या हाताला धरून ओढलं तर खांदा दुखावतो. म्हणून सुरुवातीला बघणारा जाणकार हवाच. पुढे घरी बदाम सात खेळा, पत्ता मात्र त्याच हाताने टाकायचा.

आपल्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा भरलेली आहे का? आठवड्यातून किती दिवस ते बसतात? रुग्ण कल्याण समितीवर आपल्यापैकी कुणी असेल तर पुढच्या बैठकीत हे दोन प्रश्न लेखी द्या. एक टीव्ही, चार खुर्च्या आणि एक हॉल, एवढं तर लोकवर्गणीतूनही उभं राहील. माणूस तेवढा सरकारने द्यावा.